गाडी खाली बसवल्यानंतर उंची का जुळत नाही? या चुका टाळा

गाडीची उंची कमी करणाऱ्या नव्या लोअरिंग स्प्रिंग बसवून गाडी जॅकवरून खाली घेतली की मालक सर्वांत आधी चाक आणि फेंडर यांच्यामधल्या फटीत बोटे घालून पाहतो. पूर्वी चार बोटे जात होती, आता दोनच जायला हवीत, असा त्याचा हिशेब असतो. नेमक्या त्या वेळी फटीत साडेतीन बोटे जातात, आणि मग स्प्रिंग चुकीच्या आल्या, दुकानदाराने फसवले, अजून एक राउंड कापून टाका, इथपर्यंत चर्चा जाते. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी यांसारख्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असतो. अशा गाड्यांवर हे काम करताना आणि होताना पाहून माझे मत असे झाले आहे की, उंची चुकण्याचे कारण स्प्रिंगमध्ये क्वचितच असते. ते बहुधा मोजण्याच्या पद्धतीत आणि बोल्ट आवळण्याच्या क्रमात असते.

गाडी उतरवल्याबरोबर मोजणे

गाडी उचलली की चाके खाली लोंबतात आणि त्याच वेळी थोडी आतही सरकतात, कारण लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) आतल्या बोल्टभोवती फिरत असतो. गाडी खाली ठेवताना टायर जमिनीला टेकतात, पण घर्षणामुळे त्यांना पुन्हा बाहेर सरकता येत नाही, आणि ते सरकत नाहीत तोवर बॉडीही पूर्ण खाली येत नाही. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग सरळ ठेवून, पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकलावी, बॉनेट आणि डिकी हाताने काही वेळा दाबावी आणि हँडब्रेक न लावता मगच टेप हातात घ्यावी. एवढ्यानेच अनेकदा दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक पडतो.

दुसरी गफलत जमिनीची. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी निघून जावे म्हणून गवंड्याने फरशीला ढाळ दिलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ढाळावर उभ्या गाडीची डावी-उजवी उंची जुळवण्यात काहीही अर्थ नाही. यावर सर्वांत स्वस्त आणि अचूक उपाय गवंड्याकडेच आहे: पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी. चारही टायर जिथे टेकतात त्या जागा तिने तपासाव्यात आणि जी खाली असेल तिथे पातळ प्लाय किंवा फरशीचा तुकडा ठेवावा. लेसरची उपकरणे मिळतात, परंतु या कामाला नळी पुरते.

मोजायचे ते जमिनीपासून नव्हे, तर चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून घेतलेल्या मापात टायरचा आकार, झीज आणि हवेचा दाब हे सगळे मिसळते. उदाहरण पाहा. मूळ टायर १८५/६५ आर१५ असेल, तर त्याची बाजूची उंची सुमारे १२० मिलिमीटर भरते. त्याऐवजी १९५/५५ आर१५ घातला, तर ती सुमारे १०७ होते. सस्पेन्शनला हात न लावता गाडी १३ मिलिमीटर खाली आली, पण फेंडरखालची फट मात्र तेवढीच वाढली! ती फट भरून काढण्यासाठी लोक गाडी आणखी खाली बसवतात आणि मग चेंबर (इंजिनखालचे तेलाचे भांडे) घासला म्हणून हळहळतात. बोटांचे माप याचसाठी सोडून द्यावे.

हे चार आकडे जुन्या स्प्रिंग काढण्यापूर्वीही घेतलेले असायला हवेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

चाके लोंबत असताना बुश आवळणे

माझ्या दृष्टीने ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे आणि ती अनुभवी हातांकडूनही होते. लोअर आर्मच्या आतल्या टोकाला असलेला रबरी बुश बेअरिंगसारखा मोकळा फिरत नाही. त्याच्या आतली लोखंडी नळी बोल्टबरोबर घट्ट धरली जाते, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली असते आणि मधले रबर दोन्हींना चिकटलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळले जाते. आता बोल्ट गाडी रॅम्पवर असताना, चाक पूर्ण लोंबलेले असताना आवळला, तर रबराची विश्रांतीची स्थिती तीच ठरते. गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, आर्मला खाली ढकलत राहते, म्हणजेच गाडीला वर उचलून धरते. काही महिन्यांत ते चिरते, आवाज सुरू होतो, आणि गाडी आपोआप ‘बसते’.

माझ्या स्वतःच्या हॅचबॅकवर गाडी ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंग बसवून घेतल्या तेव्हा पुढच्या चाकाचे मूळ माप ३८२ होते. ते ३५२ व्हायला हवे होते. झाले डावीकडे ३६३ आणि उजवीकडे ३५५. गॅरेजवाल्यांनी सांगितले की स्प्रिंग ‘सेट’ व्हायला वेळ लागतो. दोन आठवड्यांनंतरही डावे माप हलले नाही, तेव्हा मी पुढची चाके लाकडी फळ्यांच्या चळतीवर चढवली, खाली शिरलो आणि डाव्या आर्मचा बोल्ट अर्धा फेरा सैल केला. ‘टक्’ असा आवाज झाला आणि माझ्या नाकासमोर बॉडी हलकेच खाली सरकली. पुन्हा मोजले तर ३५४. उजवा बोल्ट बहुधा नशिबाने योग्य स्थितीत आवळला गेला होता.

म्हणून क्रम असा असावा: सर्व बोल्ट आधी फक्त हातघट्ट लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, पुढे-मागे ढकलून बसवावी आणि मग टॉर्क पान्याने शेवटची आवळणी करावी. खाली शिरायला जागा नसेल तर दुसरी पद्धत आहे. गाडी रॅम्पवर असतानाच चाकाच्या हबखाली जॅक लावून हब वर घ्यावे, आणि हबचा मध्य ते फेंडर हे अंतर अपेक्षित मापाएवढे झाले की बोल्ट आवळावा. मात्र असे करताना बॉडी रॅम्पच्या आधारावरून उचलली जात नाही ना, याकडे सतत लक्ष हवे. मागच्या टॉर्शन बीमचे दोन मोठे बुशही याच नियमात येतात. पुढचे नीट करून मागचे विसरलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यांची डिकी कायम किंचित वर असते.

डावे-उजवे जुळत नसेल तर

लगेच स्प्रिंगवर आळ घेऊ नये. आधी स्प्रिंगचे खालचे टोक सीटमधल्या खाचेत नेमके टेकले आहे का, हे पाहावे. ते खाचेवर चढून बसले तर त्या कोपऱ्याची उंची वाढते. वरची-खालची रबरी पॅड दोन्हीकडे सारखी आहेत का, जुने पॅड काढलेल्या स्प्रिंगला चिकटून भंगारात तर गेले नाही ना, हेही तपासावे. गाडीला पूर्वी मार बसून फेंडर बदललेला असेल, तर त्याची कडच काही मिलिमीटर वर-खाली असू शकते. मग सस्पेन्शन निर्दोष असूनही आकडे कधीच जुळणार नाहीत.

भाराचाही विचार हवा. चालक आपल्याकडे उजवीकडे बसतो. पुढच्या स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरमागे २५ न्यूटन धरला आणि चालकाच्या वजनातले २५ किलो त्या कोपऱ्यावर आले, तर उजवी बाजू साधारण १० मिलिमीटर खाली जाते. रिकामी गाडी मोजून ‘दोन्ही बाजू तंतोतंत’ असे समाधान मानणाऱ्याची गाडी चालवताना उजवीकडे झुकलेली असते. टाकी अर्धी भरलेली आणि चालकाच्या जागी तेवढ्याच वजनाची पोती, अशा स्थितीत मोजणे योग्य.

चारही कोपऱ्यांची उंची वेगवेगळी बदलता येते अशा कॉइलओव्हरवर (रिंग फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) आणखी एक सापळा आहे. चौरंगाच्या एका पायाखाली पाचर सरकवली की भार त्या पायावर आणि त्याच्या समोरच्या तिरप्या पायावर येतो, उरलेले दोन हलके होतात. गाडीचेही तसेच आहे. पुढचा डावा कोपरा ५ मिलिमीटर कमी भरला म्हणून फक्त तिथली रिंग फिरवत बसलो, तर पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर जास्त भार येतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. त्यामुळे थोडा फरक उरला तर तो एकाच रिंगवर न काढता चारही रिंगांमध्ये वाटून घ्यावा. पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक मी तरी सोडून देतो.

मागच्या बाजूला आणखी एक हिशेब चुकतो. टॉर्शन बीमवर स्प्रिंग जर चाक आणि बुश यांच्यामध्ये, चाकापासून थोडी अलीकडे असेल, तर स्प्रिंगपाशी केलेला बदल चाकापाशी वाढून दिसतो. स्प्रिंगची हालचाल चाकाच्या हालचालीच्या ०.८ पट असेल, तर रिंग १० मिलिमीटर फिरवल्यावर गाडी १२.५ मिलिमीटर हलते. पुढच्या स्ट्रटवर मात्र हे प्रमाण जवळपास एकास एक असते. पुढे-मागे सारखेच फेरे देणाऱ्यांची गाडी म्हणून मागून बसते.

स्प्रिंग कापण्याबद्दल थोडक्यात: करू नये. काम करणारे सहा राउंड असलेल्या स्प्रिंगचा एक कापला तर ती २० टक्के ताठ होते, कापलेले टोक सीटवर नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबले की आखूड स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. गॅस कटरने तापवून बसवलेली स्प्रिंग तर पोलादाचे पाणीच घालवून बसते.

किती खाली?

उंची ‘बरोबर’ आहे की नाही, हे शेवटी दोन जागा ठरवतात, आणि दोन्ही गाडीखाली जाऊनच दिसतात. पहिली जागा बंप स्टॉपची, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर ज्यावर टेकतो त्या रबरी ठोकळ्याची. समजा मूळ उंचीवर शॉकअपला बंप स्टॉपपर्यंत ५० मिलिमीटरची मोकळीक होती आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली घेतली, तर उरले १५. मागे तिघे बसले की गाडी बंप स्टॉपवरच चालू लागते, आणि मालक म्हणतो की स्प्रिंग फार कडक आहेत. शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट लावून तो खाली सरकवावा आणि रोजच्या रस्त्यावर फेरी मारावी; टाय वर बंप स्टॉपपर्यंत ढकलला गेलेला आढळला, तर कडकपणाचे कारण समजले. अशा वेळी आखूड शॉकअप आणि त्यांना साजेसा बंप स्टॉप लागतो, मऊ स्प्रिंग नव्हे.

दुसरी जागा लोअर आर्मची. गाडी चाकांवर उभी असताना बाहेरचा, चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट आतल्या बोल्टच्या पातळीत किंवा त्याच्या खाली असावा. तो वर गेला, म्हणजे आर्म चाकाकडे चढता झाला, तर मॅकफर्सन रचनेत रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोन्हींतले अंतर वाढल्याने खाली बसवलेली गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकू पाहते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

आणि गतिरोधकांचे काय? भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. २.४५ मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या माथ्यावर असताना दोन चाकांच्या मध्ये तो केवळ ४४ मिलिमीटर वर येतो, कारण चाकेही त्याच्यावरच असतात. खरी अडचण गल्लीतल्या हौशी गतिरोधकांची आहे: तेवढीच उंची आणि जेमतेम अर्धा मीटर रुंदी. तो पूर्णपणे दोन चाकांच्या मध्ये मावतो, म्हणजे १०० मिलिमीटर सरळ पोटाखाली. मूळचे १६५ मिलिमीटर, त्यातून ४० गेले, चौघे बसल्यावर आणखी ३० गेले; उरले ९५. म्हणून रोज वापरायच्या गाडीला २५ ते ३० मिलिमीटरच्या पुढे नेऊ नये, असे मी सांगतो, मग छायाचित्रात ती कशीही दिसो.

उंची ठरल्यावरच उरलेले

व्हील अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावे. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाच्या तोंडाची आत-बाहेर दिशा) दोन्ही बदलतात. अलाइनमेंट करून आल्यावर पुन्हा रिंग फिरवली तर ते पैसे वाया गेले, आणि टायर आतून खाल्ले जाऊ लागतात. स्टॅबिलायझर लिंकही (गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांड्याचा जोड) गाडी चाकांवर, सपाट जागेवर असतानाच आवळावी. पुढे-मागे वेगवेगळी घट झाली असेल तर हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहून पुन्हा लावून घ्यावा.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशीलापासून वाहन वेगळे होईल असे बदल करता येत नाहीत, असा निर्णय दिला आहे. गाडीला हात लावण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे विचारणा करावी. अपघातानंतर विचारण्याची ही गोष्ट नव्हे.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तेच चार आकडे पुन्हा घ्यावेत. नव्या स्प्रिंग दोन-चार मिलिमीटर बसतात आणि चारही कोपऱ्यांत साधारण सारख्याच बसतात. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा मोजावे. त्या वेळी एकाच कोपऱ्याचा आकडा एकदम घटलेला दिसला, तर रिंग फिरवण्याआधी त्या स्प्रिंगच्या खालच्या सीटमधला चिखल पाण्याने धुऊन काढावा. खड्ड्यात तुटलेला स्प्रिंगचा शेवटचा अर्धा राउंड बहुतेक वेळा तिथेच, गंजलेल्या तुकड्याच्या रूपाने, पडलेला सापडतो.