किनाऱ्यावर पक्षी बघायचेत? आधी भरतीची वेळ बघा

पक्षी बघायचे तर पहाटे उठा, हे जंगलात खरं. किनाऱ्यावर घड्याळ पाण्याचं चालतं. मी पहिल्यांदा मोठ्या उत्साहाने उजाडताना पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. समोर नुसता चिखल आणि त्याच्या पार टोकाला मिऱ्यांएवढे ठिपके. तासाभराने वैतागून परत फिरलो. आणखी दोन-तीन तास थांबलो असतो तर तेच ठिपके पाण्याने रेटत माझ्या पुढ्यात आणून ठेवले असते.

तेव्हा आदल्या दिवशीच भरती-ओहोटीच्या वेळा काढून ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी ओहोटी असली, तर पुढच्या रविवारी त्याच सुमाराला भरती मिळते. चिखलाच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचा. पाणी चढतं तशी पक्ष्यांची खाण्याची जागा आक्रसते आणि ते आपणहून काठाकडे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार वर येतं; भांगेला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, तेवढं चढत नाही, पक्षीही लांबच राहतात.

मग उन्हाची दिशा. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर दिसतात फक्त काळ्या आकृत्या. समुद्र पश्चिमेला असेल तर सकाळ बरी, पूर्वेला असेल तर दुपारनंतर.

सामानात ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. जास्त ताकदीची दुर्बीण समुद्राच्या वाऱ्यात हातात स्थिर राहत नाही. भिंगावर वाळू बसली तर सदऱ्याने पुसू नका, चरे पडतात. आधी फुंकर मारून कण उडवा.

पोचल्यावर पक्ष्यांच्या मागे चालू नका. एक जागा धरा, खाली बसा आणि पाण्याला त्यांना जवळ आणू द्या. फक्त अधूनमधून मागेही बघत जा. समोर पक्षी बघण्यात गुंगलेल्या माणसाच्या पाठीमागची खाडी कधी भरते ते कळत नाही.

आता ओळखायचं कसं? नवशिके रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण हिवाळ्यात यातले बरेचसे पक्षी करडे-तपकिरी असतात. आधी चाल बघा. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी शिकार शोधतो, म्हणून डोळे मोठे, चोच आखूड. तुतवार मात्र मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खुपसत राहतो. त्याच्या चोचीचं टोक इतकं संवेदनशील असतं की चिखलातला किडा न दिसताही त्याला सापडतो. वाळूवर परतणाऱ्या लाटेमागे धावणारी आणि नवी लाट आली की तुरुतुरु पळणारी पांढुरकी टोळी दिसली, तर ती बहुधा सँडरलिंगची. पाय नीट दिसले तर मागचं बोट शोधा. या पक्ष्याला ते नसतंच.

भरती पूर्ण झाली की किनारा रिकामा होतो. पक्षी संपले असं समजून घरी जाऊ नका, ते फक्त जागा बदलतात. जवळच्या अभयारण्यातल्या उथळ तळ्यांकडे, मिठागरांकडे किंवा पाणथळींकडे निघा. एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून, चोच पिसांत खुपसून झोपलेले थवे तिथे मिळतात. मोजणी इथेच करा: आधी दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत भरला की तसे किती तुकडे होतात ते बघा. आत गाडी नेता येत असेल तर काच खाली करून गाडीतच बसा. पक्षी गाडीला सहसा बिचकत नाहीत, दार उघडलं की उडतात.

थव्यातल्या माना वर झाल्या म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबा आणि हळूच मागे या. ही विश्रांती त्यांना चैन म्हणून नको असते. २०२२ साली बार-टेल्ड गॉडविट या किनारी पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस कुठेही न उतरता उडत गेलं. त्याचं इंधन म्हणजे आधी खाऊन साठवलेली चरबी. आपण उडवलेला प्रत्येक थवा त्यातली थोडी जाळतो. अर्थात तुम्ही जागचे हलला नसताना सगळा थवा एकदम उठला, तर आकाशात बघा. बहिरी ससाणा असू शकतो.

विणीच्या दिवसांत कोरड्या वाळूवरून चालूच नका. अंडी उघड्यावर असतात आणि वाळूत बेमालूम मिसळतात. एखादा चिखल्या तुमच्यापुढे पंख मोडल्यासारखा फरफटत चालला, तर त्याला मदत करायला धावू नका. ते सोंग आहे. अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायाजवळ आहेत, म्हणून तो तुम्हाला दूर नेतोय. आल्या पावली मागे फिरा.

एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेली रंगीत पट्टी दिसली तर पट्टीचा रंग, कोणता पाय आणि त्यावरची अक्षरं टिपून घ्या. इतर नोंदी २००२पासून चालू असलेल्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. किती वेळ बघितलं, किती चाललात तेही लिहा.

पाणी ओसरायला लागलं की पुन्हा किनारा गाठा. पहिली ओली पट्टी उघडी पडते तेव्हा ती हातभरच रुंद असते, आणि तळ्यावर झोपलेले सगळे त्याच पट्टीवर दाटीवाटीने उतरतात.