कापसाच्या ब्रीडिंगमध्ये यायचंय? मग आधी पऱ्हाटी बघायला शिका

बीएस्सी ॲग्री झालेली पोरंपोरी दरवर्षी विचारतात, ब्रीडिंग (नवे वाण तयार करायचं शास्त्र) घेऊ का बायोटेक, आणि बीटी (बोंडअळीला मारणारा जीन घातलेलं बियाणं) आल्यावर कापसात ब्रीडरला काही काम उरलंय का. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी परभणीला कृषी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केली (आपल्याकडं ब्रीडिंगचा विभाग याच नावानं असतो, नाव बघून गोंधळू नका), मग जालन्यात एका बियाणे कंपनीत कापसाच्या टीमला लागलो आणि अजून तिथंच आहे. त्यामुळं जे सांगतोय ते मराठवाड्यातल्या कोरडवाहू कापसाचं, पंजाब-हरियाणाच्या पाण्याखालच्या कापसाला यातलं अर्धंच लागू होईल.

पहिलं म्हणजे बीटीबद्दलचा गैरसमज काढून टाका. बीटीनं झाडाची उत्पन्न द्यायची ताकद वाढत नाही, अळी जे खाऊन टाकणार होती ते वाचतं, एवढंच. २००२ ला बीटी आलं, २००६ ला दोन जीनवालं बीजी-२ आलं, आणि २०१७ च्या सीझनला गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडं काय केलं ते तुमच्या घरच्यांना विचारा. ती अळी लहानपणीच हिरव्या बोंडात शिरते, भोक परत बुजतं, बाहेरून बोंड एकदम टकाटक दिसतं आणि वेचणीला कळतं की आत कवडी आहे, म्हणजे न फुललेला खराब कापूस. आता ही अळी वाढते कशावर, तर लांबलेल्या सीझनवर. डिसेंबर-जानेवारीपर्यंत हिरवी बोंडं आणि वर फरदड (वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक) ठेवली की तिला खायला कधीच कमी पडत नाही. मग जीन कितीही टाका, झाड १८० दिवस शेतात उभं राहणार असेल तर तिचीच चंगळ.

म्हणून या कामात मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि मुलाखतीला आलेल्या पोरांना मी तीच विचारतो. उत्पन्न वाढवायचं म्हणजे झाडावर काय वाढवायचं? दहातली नऊ जण म्हणतात बोंडांची संख्या. बरं, गणित करून बघू. ४ बाय दीड फुटावर लावलं तर एकरी ७२६० झाडं बसतात. झाडाला ३० बोंडं धरा, बोंडात ४ ग्रॅम कापूस, म्हणजे झाडाला १२० ग्रॅम आणि एकरी साधारण ८ क्विंटल ७० किलो. आता ३ बाय १ फुटावर या, झाडं १४५२०, झाडाला फक्त १५ बोंडं, वजन तेच. उत्तर? तेच ८ क्विंटल ७० किलो. फरक एवढाच की १५ बोंडं धरून पक्की करायला झाडाला लै कमी दिवस लागतात, आणि ती पंधरा बोंडं खालच्या-मधल्या फांद्यांवर असतात, जी पाऊस असताना लागलेली असतात. तीस बोंडांच्या झाडाची वरची बोंडं भरायची वेळ येते तेव्हा पाऊस गेलेला असतो, हलक्या रानात तर ओल ऑक्टोबर काढत नाही, झाडाला लाल्या येतो (पानं लाल पडतात) आणि वरची बोंडं कवडी होतात. हे कागदावर सोपं आहे, पण शेतकऱ्याला डोक्याएवढी, फांद्या पसरलेली पऱ्हाटी आवडते, आणि कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला शेतकऱ्याला आवडेल तेच हवं असतं. शिवार फेरीत लोक मोठ्या झाडापाशी फोटो काढतात आणि आपलं बुटकं, लवकर येणारं झाड बाजूला गप उभं असतं. ही भांडणं तुम्हाला करावी लागणार, तयारी ठेवा.

आता रोजचं काम. क्रॉसिंगच्या, म्हणजे दोन झाडांचा संकर करायच्या सीझनला, साधारण ऑगस्टच्या शेवटापासून, दुपारी तीनला प्लॉटमध्ये उतरायचं. उद्या सकाळी उमलणारी कळी ओळखता आली पाहिजे, पाकळ्या हिरव्या पात्यातून जराशा वर आलेल्या असतात आणि घट्ट गुंडाळलेल्या, आज उमललेलं फूल नाही आणि परवाची बारकी कळी पण नाही. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी रुतवायचं, गोल फिरवायचं, आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची अख्खी नळी एका झटक्यात वर ओढून काढायची. मधला स्त्रीकेसर तेवढा राहतो. नख जरा जास्त खोल गेलं की बोंड दोन दिवसांत गळतं, कमी गेलं तर पराग मागं राहतो आणि तुमचा क्रॉस क्रॉस न राहता सेल्फ होतो, म्हणजे बी त्याच झाडाच्या परागाचं धरतं. काढलं की वरून झाकायचं, कागदी पिशवी घाला नाहीतर स्ट्रॉचा तुकडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान नर झाडाचं ताजं फूल आणून त्यावर फिरवायचं, परत झाकायचं, टॅग बांधायचा. टॅग पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई पहिल्या पावसातच जाते. आणि नर-मादी कोण हे जागच्या जागी लिहा, बांधावर जाऊन लिहितो म्हणणारा पोरगा संध्याकाळी टॅगांचा गठ्ठा घेऊन आभाळाकडं बघत बसतो. जालना भागातल्या सीड प्लॉटवरच्या बाया हे काम इतक्या सफाईनं करतात की त्यांच्या शेजारी उभं राहून एक दुपार नुसतं बघितलं तरी प्रॅक्टिकलच्या जर्नलपेक्षा जास्त कळेल. मावशी म्हणा, नीट विचारा, त्या दाखवतात.

क्रॉस झाला म्हणजे वाण झाला असं नसतं. पुढं एफ-२ ला, म्हणजे क्रॉसच्या दुसऱ्या पिढीला, शेकडो झाडं, त्यातून निवड, मग ओळी, मग परत निवड, स्थिर ओळ मिळायला सहा-सात पिढ्या, मग स्टेशन ट्रायल, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या ट्रायल, असं सगळं धरून दहा वर्षं सहज जातात. संकरित वाण त्यामानानं लवकर निघतो पण त्याचे आईबाप आधी याच रस्त्यानं तयार केलेले असतात. ८० च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं दिलेला एनएचएच-४४, ज्याला आपल्याकडं जुनी माणसं नुसतं ‘चव्वेचाळीस’ म्हणतात, तो बीएन-१ आणि एसी-७३८ चा संकर. कोरडवाहूत तग धरायचा म्हणून तो वर्षानुवर्षं चालला, पुढं परभणीच्या विद्यापीठानं महाबीजसोबत त्याचं बीटी रूप पण आणलं.

देशी कापसाकडं मात्र पोरं बघतच नाहीत आणि मला याचं वाईट वाटतं. तुडतुडे असोत नाहीतर पावसाचा खंड, देशी झाड जेवढं सोसतं तेवढं अमेरिकन सोसत नाही. अडचण धाग्याची, तो आखूड आणि जाडाभरडा. परभणीच्या महेबूब बाग फार्मवर यावरच पिढ्यानपिढ्या काम झालं आणि लांब धाग्याचे देशी वाण निघाले, पीए-२५५ म्हणजे परभणी तुराब, पीए-४०२ म्हणजे विनायक, आणि पुढचे बरेच. ऐकायला सोपं वाटतं पण देशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये ५२, दोघांचा क्रॉस केला तर येणारं झाड वांझ. त्याची गुणसूत्रं कोल्चिसीन या रसायनानं दुप्पट करा, परत देशीशी क्रॉस करत राहा, आणि लांब धागा घेऊन देशीचा काटकपणा सांभाळा. चिकाटीचं काम आहे, पेपरही चांगले निघतात.

रुईच्या उताऱ्याचं पण लक्षात ठेवा, म्हणजे सरकी काढल्यावर कापसातून किती टक्के रुई निघते ते. वरच्या ८७१ किलो कापसाला उतारा ३५ टक्के असेल तर ३०५ किलो रुई, ३८ टक्के असेल तर ३३१. २६ किलो रुई फुकटात. पण शेतकरी विकतो कापूस, रुई नाही, त्यामुळं हा फायदा बहुतेक जिनवाल्याच्या खिशात जातो आणि शेतकरी बोंडाचं वजन बघूनच बियाणं घेतो. नुसत्या उताऱ्यावर निवड करत गेलात तर वाण चांगला असून खपत नाही.

कापूसच पाहिजे असं नाही हं. अंबाडी घ्या, आपण भाजी खातो आणि वाख (दोराचा धागा) विसरून गेलो, पोळ्याला सुद्धा नायलॉनचे दोर आणतो. तिथं गणित एकदम उलटं आहे, धागा खोडाच्या सालीत असतो, म्हणजे झाड जितकं उशिरा फुलेल तितकं उंच जाईल आणि वाख जास्त. दिवस लहान झाला की अंबाडी फुलायला लागते, म्हणून तिथं ब्रीडर लवकर न फुलणारं झाड शोधतो आणि आपण कापसात लवकर फुलणारं. ताग, म्हणजे बोरू, आपल्याकडं हिरवळीचं खत म्हणूनच, आणि ज्यूटचं म्हणाल तर ते बंगालचं पीक, बॅरकपूरची केंद्रीय संस्था त्यासाठीच आहे, तिकडं जायची तयारी असेल तर स्पर्धा कमी आहे असं माझं मत.

प्रवेशाचं थोडक्यात. पीजीला राज्याची सीईटी असते आणि बाहेरच्या विद्यापीठांसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा, दोन्ही द्या. स्टॅटिस्टिक्स टाळू नका, लाइन बाय टेस्टर, जीसीए-एससीए (कोणते आईबाप क्रॉसमध्ये चांगले जुळतात ते काढायचं गणित) हे आर सॉफ्टवेअरवर स्वतः करता आलं तर प्रायव्हेटमध्ये लगेच उचलतात. सरकारी संशोधनात जायचं असेल तर एएसआरबीचं (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाचं) नेट आणि बहुतेक वेळा पीएचडी, म्हणजे तिशीपर्यंत घरून ‘कधी लागणार’ ऐकायचं. प्रायव्हेटला पगार लवकर सुरू होतो पण दिवाळी कधी कधी प्लॉटवरच जाते, वेचणीचा डेटा सणासाठी थांबत नाही. मार्कर (डीएनएवरच्या खुणा), जीनोमिक्स शिका, जरूर शिका, पण लॅबमधनं आलेल्या आकड्याला शेतातलं झाड जोडता आलं नाही तर तो रिपोर्ट नुसता फाईलला लागतो.

गाईड किंवा कंपनी निवडताना दोन प्रश्न नक्की विचारा. ट्रायल किती ठिकाणी आहेत, आणि त्यातला एक तरी प्लॉट हलक्या रानात, पाणी न देता घेतलाय का. सगळे प्लॉट ड्रिपवर आणि काळ्या भारी जमिनीत असतील तर तिथं निवडलेली झाडं आपल्या माळावर टिकत नाहीत. आणि जमलं तर मे संपायच्या आत जॉईन व्हा. पेरणी एकदाच होते, जुलैत आलात तर पहिलं वर्ष दुसऱ्यानं आखलेल्या प्लॉटमध्ये मोजमापं घेण्यातच जातं.