मॅकवर विंडोज: टॅली, डीएससी टोकन आणि पट्टीचा प्रिंटर सांभाळून

मॅकवर विंडोज चालवायचं तर आधी चिप, म्हणजे मॅकचा प्रोसेसर, बघा. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. तिथे इंटेल दिसलं तर एक रस्ता, एम१, एम२, एम३ असं काही दिसलं तर दुसरा. खरेदीच्या वर्षावरून अंदाज बांधू नका. ॲपलने स्वतःची चिप नोव्हेंबर २०२० मध्ये आणली, पण इंटेलचे काही मॅक त्यानंतरही विकले जात होते.

मग विंडोज कशासाठी हवंय ते ठरवा. सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत पेढी असो की साताऱ्यातलं कर सल्लागाराचं ऑफिस, उत्तर बहुधा टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन (डीएससी) आणि बिलाचा, म्हणजे पट्टीचा, प्रिंटर असंच येतं. टॅली चालते. अडतं ते यूएसबीला लावलेल्या वस्तूंपाशी, म्हणून मॅक घेण्याआधीच त्या वस्तूंची यादी काढा.

ॲपलची चिप असेल तर

या मॅकवर डुअल बूट, म्हणजे सुरू करताना मॅकओएस किंवा विंडोज निवडणं, नाही. त्यासाठीचं ॲपलचं बूट कॅम्प इथे मिळतच नाही, त्यामुळे विंडोज मॅकओएसच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातच, चालवावं लागतं, आणि तेही विंडोज ११ ची आर्म (ॲपलची चिप ज्या जातीची आहे ती) आवृत्ती. नेहमीच्या पीसीसाठी बनवलेले प्रोग्राम हे आर्म विंडोज स्वतःच भाषांतर करून चालवतं. टॅलीप्राइम असाच चालतो आणि पेढीच्या कामाला वेग पुरतो. ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणाऱ्या प्रोग्रामचं, मात्र असं भाषांतर होत नाही, तो आर्मसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. टोकन, डोंगल (सॉफ्टवेअरची यूएसबी चावी), प्रिंटर यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

व्हर्च्युअल मशीनसाठी इथे तीन सॉफ्टवेअर बघू. पॅरलल्स डेस्कटॉप पैसे देऊन घ्यावं लागतं, पण विंडोज उतरवण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं तेच करतं. १४ दिवस फुकट वापरता येतं. तेवढ्यात टोकन आणि प्रिंटर तपासून घ्या, मगच पैसे भरा. साध्या आवृत्तीत एका मशीनला जास्तीत जास्त ८ जीबी रॅम आणि प्रोसेसरचे ४ कोअर देता येतात. हिशेबाच्या कामाला ते भरपूर झालं. व्हीएमवेअर फ्यूजन आता व्यवसायासाठीही मोफत आहे, फक्त ते बनवणाऱ्या ब्रॉडकॉमच्या पोर्टलवर खातं काढावं लागतं. यूटीएम मोफत आहे, पण त्यात विंडोजला थ्रीडी ग्राफिक्सचा वेग मिळत नाही. रोज आठ तास टॅलीवर बसणाऱ्या माणसासाठी पॅरलल्सचे पैसे वसूल होतात. महिन्यातून दोनदा विंडोज उघडणाऱ्याला यूटीएम पुरे. विंडोजचं लायसन्स तिन्हींत वेगळं घ्यायचं. पॅरलल्सवर मायक्रोसॉफ्टची मान्यता प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांना आहे, तेव्हा होम आवृत्तीची लायसन्स की घेऊ नका.

यूटीएमची रीत अशी:

१. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आर्म६४ आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) उतरवा. फाइल काही जीबींची आहे, रात्री लावून ठेवा. चुकून नेहमीच्या पीसीची एक्स६४ उतरवली तर ती 'व्हर्च्युअलाइझ'मध्ये सुरूच होत नाही. मग माणूस 'इम्युलेट' निवडतो आणि विंडोज इतकं रांगतं की मॅकच खराब आहे असं वाटावं.

२. नवीन मशीन, 'व्हर्च्युअलाइझ', 'विंडोज'. ड्रायव्हर आणि स्पाइस टूल्सची खूण तशीच राहू द्या, ती काढली तर आत इंटरनेट मिळत नाही.

३. मॅक ८ जीबी रॅमचा असेल तर विंडोजला ४ जीबी द्या, १६ चा असेल तर ८. यापेक्षा जास्त दिलंत तर मॅकओएसचा श्वास कोंडतो आणि दोन्ही बाजू संथ होतात. डिस्क ६४ जीबी. ती एकदम भरत नाही, वापराप्रमाणे वाढते. तरी २५६ जीबीच्या मॅकवर आधी जागा मोकळी करा.

४. सुरू होताना कोणतीही की दाबायची सूचना काही सेकंदच दिसते. ती चुकली की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येतात. घाबरू नका, मशीन रीस्टार्ट करा आणि या वेळी लगेच की दाबा.

टॅलीसाठी बसवाबसवी

मॅकच्या कीबोर्डवर एफ१, एफ२ या कींना प्रकाश आणि आवाजाची कामं दिलेली असतात. टॅलीत एफ८ ने विक्री आणि एफ९ ने खरेदी करणाऱ्याचा हात इथेच अडतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, फंक्शन कीज इथे जाऊन त्यांना साध्या फंक्शन की करा. एवढं करूनही एफ११ दाबल्यावर टॅलीचं फीचर्स न उघडता सगळ्या खिडक्या बाजूला सरकतील, कारण मॅकओएसने ती की 'शो डेस्कटॉप'ला दिलेली आहे. त्याच पानावर मिशन कंट्रोलमधली ती खूण काढा. ऑल्टच्या जागी ऑप्शन की.

टॅलीचा डेटा विंडोजच्या सी ड्राइव्हवरच ठेवा. पॅरलल्स मॅकचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर विंडोजमध्ये दाखवतं, त्यामुळे डेटा तिथे ठेवायचा मोह होतो. पण ते फोल्डर विंडोजला नेटवर्कवरच्या जागेसारखे असतात. तिथे डेटा संथ उघडतो, आणि मध्येच जोड तुटला तर कंपनीची फाइल बिघडू शकते. टॅलीचा बॅकअप मात्र रोज त्या सामायिक फोल्डरमध्ये टाका. टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, म्हणून व्हर्च्युअल मशीन पुसण्याआधी किंवा दुसऱ्या मॅकवर नेण्याआधी ते सरेंडर, म्हणजे परत, करा.

पट्टीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी विंडोजमध्ये ड्रायव्हर शोधत बसण्याआधी तो मॅकवर चालतो का ते पाहा. चालत असेल तर पॅरलल्स तोच प्रिंटर विंडोजला देतं. मग कागदाचा आकार तेवढा तपासा. सलग कागदावर पट्टी अर्धी वर, अर्धी खाली पडायला लागली तर बहुधा तिथे ए४ राहिलेला असतो.

टोकन लावल्यावर पॅरलल्स विचारतं, मॅकला जोडू की विंडोजला? विंडोज निवडा, नाहीतर आतला प्रोग्राम 'टोकन सापडत नाही' असंच म्हणत राहील. तरी सापडलं नाही तर टोकन विकणाऱ्याकडे आर्म६४ ड्रायव्हर मागा. काही कंपन्या मॅकसाठीही सॉफ्टवेअर देतात, तेव्हा सही थेट मॅकवरून होते का ते आधी बघणं शहाणपणाचं. जुन्या मराठी फॉन्ट सॉफ्टवेअरच्या डोंगललाही हाच नियम.

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी कुणी सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा विचार करत असेल तर थांबा. कंपनी ते मॅकवर चालवायला पाठिंबा देत नाही. त्या टेबलावर पीसीच ठेवा. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे.

आयमॅक किंवा मॅक मिनी असेल तर यूपीएस हवाच. वीज गेली तर मॅक सावरतो, पण आत चालू असलेल्या विंडोजची डिस्क फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. मोठ्या अपडेटआधी व्हर्च्युअल मशीन बंद करून त्याची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

इंटेलचा मॅक असेल तर

इथे बूट कॅम्पने खरं डुअल बूट होतं, पण विंडोज १० पर्यंतच. इंटेल मॅकवर विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मिळत नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बँकेची कामं करणाऱ्या मशीनवर नव्याने बूट कॅम्प करू नये. त्याऐवजी पॅरलल्स किंवा फ्यूजनमध्ये विंडोज ११ टाका, ते टीपीएम सॉफ्टवेअरमधूनच पुरवतात. इथे आर्मची भानगड नाही, पीसीचे ड्रायव्हर चालतात.

जुन्या डोंगलसाठी बूट कॅम्प लागणारच असेल तर मॅकमधल्या टाइम मशीनने बॅकअप घ्या आणि युटिलिटीजमधला बूट कॅम्प असिस्टंट उघडा. विंडोजचा हिस्सा पुढे वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १२८ जीबीच्या आसपास द्या. डिस्कचे भाग पाडता येत नाहीत असा संदेश आला तर डिस्क युटिलिटीत फर्स्ट एड चालवा आणि टाइम मशीनचे डिस्कवरचे स्नॅपशॉट काढून पुन्हा प्रयत्न करा. मॅक सुरू होताना ऑप्शन की दाबून धरली की दोन्हीपैकी हवं ते निवडता येतं.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा. मॅकओएस आतलं घड्याळ यूटीसीवर (ग्रीनिचच्या वेळेवर) ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. पहाटे काम करणाऱ्याच्या नोंदी यामुळे आदल्या तारखेला पडतात. पुढे विंडोज काढायचं झालं तर तेही बूट कॅम्प असिस्टंटमधूनच काढा. डिस्क युटिलिटीतून तो हिस्सा हाताने पुसला तर मोकळी झालेली जागा मॅकओएसला परत जोडताना नाकी नऊ येतात.