म्हाताऱ्या मांजर-कुत्र्याची किडनी: या चुका टाळा

"लघवी तर भरपूर होतेय, मग किडनी खराब कशी?" असं खूप जण विचारतात. अहो, भरपूर होतेय हेच तर लक्षण आहे. किडनी थकली की लघवी घट्ट करणं तिला जमत नाही, पाणी नुसतं वाहून जातं, म्हणून हे प्राणी पाणी जास्त पितात. आणि मग घरात जागोजागी शू व्हायला लागली की लोक पाण्याचा बाऊलच उचलून ठेवतात!! हे कृपा करून करू नका, पाणी तोडलं की उरलीसुरली किडनीपण जाते.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी जो कचरा बाहेर टाकते त्यातला एक) नॉर्मल आलं म्हणून निवांत बसू नका. किडनीचं साधारण 75 टक्के काम बंद पडेपर्यंत ते बरेचदा नॉर्मलच्या वर जातच नाही, त्यात म्हातारपणी मसल झडले असतील तर आकडा अजूनच कमी दिसतो. लघवीची तपासणी, एसडीएमए (किडनीचा बिघाड लवकर दाखवणारी रक्ततपासणी) आणि बीपी, हे पण करायला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ खाण्यात होतो. डॉक्टरांनी रीनल डाएट (किडनीसाठीचं खास खाणं) सांगितलं की लोक त्याच रात्री जुनं खाणं बंद करतात, प्राण्याला आधीच मळमळ असते, मग तो त्या नव्या वासालाच कायमचा नाक मुरडतो. आधी मळमळ थांबवा, मग जुन्यात थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदला, मांजर असेल तर अजून हळू. तरी नाहीच खाल्लं तर जे खातंय ते द्या, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरचं वेगळंच दुखणं मागे लागतं. ताकद येईल म्हणून हाडांचं सूप नको, त्यात फॉस्फरस असतो आणि थकलेल्या किडनीला मुख्य त्रास त्याचाच आहे. फॉस्फेट बाइंडर (खाण्यातला फॉस्फरस अंगात जाऊ न देणारं औषध) दिलं असेल तर ते खाण्यासोबतच द्यायचं, उपाशीपोटी दिलं तर काही उपयोग नाही.

पाय दुखतात म्हणून आपल्या डब्यातली पेनकिलर देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर जाऊ शकते.

अचानक भिंतीला धडकायला लागली, बुबुळं मोठी दिसतायत? बीपी वाढून डोळ्याचा पडदा सुटला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. मांजरीची मान खाली लोंबतेय, उचलताच येत नाहीये? रक्तातलं पोटॅशियम कमी झालंय का तपासून घ्या, ते बरेचदा औषधाने सुधारतं.