गणपतीच्या डोळ्यांची आखणी: बारीक ब्रश कसा निवडावा, कसा चालवावा

श्रावण सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गणपतीच्या कारखान्यांत आखणीची घाई सुरू होते. पितांबर, शेला कुणीही सावकाश भरून काढील, पण डोळे आखायचे म्हणजे हात आणि ब्रश दोन्ही हुकमी हवेत. घरी शाडूची मूर्ती रंगवणारे बरेचदा ब्रशपाशीच अडतात.

बेळगावच्या खडेबाजारात ब्रश घ्यायला गेलात तर सगळ्यात बारीक नंबर मागू नका. ५/० किंवा १०/० च्या ब्रशला केस इतके थोडे असतात की रंग टोकावरच वाळतो आणि पापणीची रेघ मध्येच तुटते. ० किंवा १ नंबरचा गोल ब्रश घ्या. त्याचं पोट रंग धरून ठेवतं, टोक तो बेतानं सोडतं. नंबर कंपनीगणिक कमी-जास्त जाड असतो, म्हणून टोक बघूनच निवडा.

नव्या ब्रशचे केस खळीनं चिकटवलेले असतात, त्यामुळे कोरडा ब्रश टोकदारच दिसतो. दुकानदाराकडे थोडं पाणी मागा, खळ धुवा, मनगटानं एक झटका द्या. केस आपोआप एका टोकाला आले तर ब्रश चांगला. दोन फाटे पडले तर परत ठेवा.

ॲक्रिलिकला नायलॉनचे सिंथेटिक केस पुरतात, टिकतातही. मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी दाखवला तर घेऊच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि एवढ्याशा केसांसाठी मुंगसं मारली जातात.

आता आखणी. आधी पेन्सिलीनं हलकं रेखाटन, मग बुबुळाभोवतीचा पांढरा रंग. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो लवकर वाळत नाही. ओल्यावर काळा लावलात तर फुटतो, म्हणून धीर धरा. काळा रंग दुधाइतका पातळ करा, ब्रश अर्ध्यापर्यंतच बुडवा आणि ताटलीवर फिरवत टोक काढा. पहिली रेघ कागदावर ओढून बघा. मग करंगळी मूर्तीच्या वाळलेल्या भागावर टेकवा, श्वास सोडता सोडता वरच्या पापणीची रेघ आपल्याकडे ओढत आणा. टोक जेमतेम टेकलं पाहिजे. दाबलं की रेघ जाड होते. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन्ही पापण्या, मग दोन्ही बुबुळं, अशी जोडीनं आखणी केली तरच नजर जुळते. बुबुळातला पांढरा ठिपका शेवटी. त्याला मात्र ३/० चालेल.

रंग ब्रशचे केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या नळीत शिरू देऊ नका. तिथे वाळला की केस कायमचे फाकतात. काम झाल्यावर थंड पाण्यानं आणि साबणानं धुवा, बोटांनी टोक जुळवा, आडवा ठेवून वाळवा. पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा ठेवू नका. सिंथेटिक ब्रशचं टोक वळलंच तर गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ करा. बरेचदा ठीक होतं. नाहीच झालं तर तो रंग कालवायला ठेवा.