कुत्र्यासकट भाड्याचं घर: अंगठा द्यायच्या आधी

आमचे ११ महिने पुढच्या महिन्यात संपतायत, म्हणजे पुण्यात पुन्हा घरशोध. मागच्या वेळचा घोळ परत नको म्हणून लिहून ठेवतेय.

कुत्रा आहे हे पहिल्याच फोनवर सांगा. एजंट म्हणेल, "आधी फ्लॅट तर बघा, मालकांचं मी बघतो." तो काही बघत नाही, तुमचे चार रविवार जातात. "छोटाच आहे ना?" या प्रश्नालाही गुळमुळीत उत्तर नको. आमची चिंगी २२ किलोची गावठी आहे, नसबंदी झालेली, आणि तेवढंच मी सांगते. रेबीजच्या लशीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना फाइलला लावा. बास.

आता करारनामा. इथे मी माती खाल्ली. मालक काका फार गोड. "अहो, आमच्याकडे टॉमी होता, बिनधास्त या." मग नोंदणीवाला मुलगा रात्री साडेनऊला लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. स्क्रीनवर १४ पानं. "सगळं स्टँडर्ड आहे मॅडम." आम्ही नाव, भाडं, डिपॉझिट, आधार नंबर तपासले आणि अंगठा टेकवला. कलम १७ मध्ये लिहिलं होतं की पाळीव प्राणी ठेवता येणार नाही. काकांनाही ते माहीत नव्हतं, साच्यातच होतं ते. चार महिन्यांनी त्यांचा मुलगा सुट्टीवर आला, दारात चिंगी भुंकली, आणि त्याने त्याच कलमावर बोट ठेवलं. महिन्याची मुदत मिळाली. काका खाली मान घालून बसले होते.

तेव्हा मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. लॅपटॉपवर नाही, फोनवर नाही, प्रिंट काढून, पेन हातात घेऊन. नुसतं मनाईचं कलम काढून भागत नाही. 'लायसन्सीने एक पाळीव कुत्रा ठेवण्यास लायसन्सरची संमती आहे' असं वाक्य घालून घ्या (लायसन्सी म्हणजे तुम्ही, लायसन्सर म्हणजे मालक). महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि एकदा नोंदणी झाली की पेनाने खाडाखोड करून चालत नाही. गोड बोलणं कुठेच नोंदलं जात नाही.

सोसायटीचं वेगळं. प्राणी कल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक आहे: सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत ठेवा, पण ती मालकासमोर फडकवू नका. घर कुणाला द्यायचं हे तो ठरवतो, आणि पहिल्याच भेटीत कायदा काढणारा भाडेकरू कुणालाच नको असतो. (माझ्या नवऱ्याने काढला होता. बाणेरचा तो फ्लॅट छान होता.)

खरी बातमी वॉचमनकडे मिळते. बिल्डिंगमध्ये अजून कुत्री आहेत का, सेक्रेटरी कटकट करतात का, गेटबाहेरची भटक्या कुत्र्यांची टोळी अंगावर येते का, हे त्याला विचारा. चहा पाजा.

किल्ली मिळाली की दारं, चौकटी, भिंतींचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा, नाहीतर आधीचे ओरखडेही तुमच्या डिपॉझिटमधून जातात. सामान हलवायच्या दिवशी कुत्रं मैत्रिणीकडे. त्याचं अंथरूण धुवायचं नाही, नव्या घरात तोच वास लागतो. पहिला आठवडा एकटं ठेवू नका. गॅस, वायफाय, पोलीस पडताळणी तुम्हाला माहीतच आहे.

करारनामा वाचलात का? प्रिंट काढून? आमच्या नव्या घराचा मसुदा आत्ताच आलाय, १६ पानं. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद व्हायच्या आत पळते.