यीस्टच्या कॉलनीच्या रंगावरून क्रोमॅटिनचे काम कसे वाचावे

पाव फुगवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या पेशीत डीएनए मोकळा पडलेला नसतो. त्याच्या सुमारे १४७ बेस-जोड्यांचा एकेक तुकडा आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेला असतो आणि अशा गुंडाळ्यांच्या माळेला क्रोमॅटिन म्हणतात. ही माळ कुठे सैल आहे आणि कुठे घट्ट, यावर तिथले जनुक वाचले जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते. डॅनियल गॉट्श्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की गुणसूत्राच्या टोकाशी, म्हणजे टेलोमिअरजवळ, नेऊन बसवलेले जनुक गप्प होऊ शकते आणि ही अवस्था पेशी अनेक पिढ्या पुढे चालवते. हा परिणाम पेट्री डिशमध्ये उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

त्यासाठी असा वाण घ्यावा, ज्यात ‘एडीई२’ हे जनुक मूळ जागी निकामी आहे आणि त्याची एक चांगली प्रत पाचव्या गुणसूत्राच्या उजव्या टेलोमिअरजवळ बसवलेली आहे. हे जनुक चालू असेल तर कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला पेशींचा ठिपका, पांढरी राहते. बंद असेल तर ॲडेनिन (डीएनएचा एक घटक) तयार होण्याच्या वाटेवरचा एक पदार्थ पेशीत साचतो आणि कॉलनी लाल होते. टेलोमिअरपाशी ‘सर-२’, ‘सर-३’ आणि ‘सर-४’ ही प्रथिने जमतात. त्यांपैकी ‘सर-२’ हे एन्झाइम हिस्टोनवरचे ॲसिटिल गट (छोटे रासायनिक जोड) काढून टाकते, त्यामुळे ‘सर-३’ तिथे पक्के बसते आणि जनुक झाकले जाते. सोबत दोन तुलनेचे वाण असलेच पाहिजेत: ‘सर-२’ काढून टाकलेला, जो पांढरा दिसावा, आणि ‘एडीई२’ची चांगली प्रत मुळीच नसलेला, जो लाल दिसावा.

माध्यमात ॲडेनिन जाणीवपूर्वक कमी, लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम ठेवावे. ते भरपूर असेल तर पेशी स्वतः ॲडेनिन बनवण्याचे काम आवरते घेते आणि जनुक बंद असूनही लाल रंग येत नाही. अर्ध्या प्लेटांत ५ मिलिमोलर निकोटिनामाइड घालावे, कारण ते ‘सर-२’चे काम अडवते. पाण्यात त्याचे १ मोलर द्रावण करून गाळून निर्जंतुक करावे आणि ॲगर हाताला सोसवेल इतके कोमट झाल्यावर लिटरला ५ मिलिलिटर मिसळावे. बाटलीवरचे नाव नीट वाचावे. निकोटिनामाइड आणि निकोटिनिक आम्ल ही दोन्ही ब-३ जीवनसत्त्वाची रूपे असली, तरी निकोटिनिक आम्ल ‘सर-२’ला अडवत नाही.

पेशी हीमोसायटोमीटरवर (पेशी मोजण्याच्या रेघा आखलेल्या काचपट्टीवर) मोजून प्रत्येक प्लेटवर सुमारे शंभर पसराव्यात. त्याआधी द्रावण चांगले हलवून गुठळ्या फोडाव्यात, कारण चिकटून राहिलेल्या दोन पेशींची कॉलनी अर्धी लाल, अर्धी पांढरी दिसून फसवते. ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस वाढवून मग प्लेटा काही दिवस ४ अंशांवर ठेवाव्यात. तिथे लाल रंग गडद होतो.

साध्या प्लेटवर कॉलनीत केंद्रापासून कडेकडे रुंदावत जाणाऱ्या लाल-पांढऱ्या पाकळ्या दिसतील. अर्धी कॉलनी व्यापणारी पाकळी म्हणजे अवस्था पहिल्या विभाजनाच्या सुमारास बदलली. काठाशी सुरू झालेली बारीक पाचर म्हणजे उशिरा. निकोटिनामाइडच्या प्लेटवर मात्र कॉलन्या जवळजवळ पांढऱ्याच हव्यात.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. मायटोकाँड्रियाचे श्वसन बिघडलेल्या छोट्या कॉलन्याही पांढऱ्या राहतात, आणि माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत मोठा चकवा हाच आहे. संशयित पेशी ग्लिसरॉल हाच एकमेव कार्बनस्रोत असलेल्या प्लेटवर टेकवाव्यात. श्वसन बिघडलेल्या पेशी तिथे वाढत नाहीत. ॲडेनिनच्या वाटेवरच्या आधीच्या पायरीत उत्परिवर्तन झाले तरीही कॉलनी पांढरी होते. म्हणून खरी पारख पुन्हा पेरण्यातच आहे. निर्जंतुक टूथपिकने पांढऱ्या पाकळीच्या मधोमधच्या पेशी उचलून त्या पाण्यात कालवाव्यात आणि साध्या प्लेटवर पुन्हा पसराव्यात. लाल पाकळीचेही तसेच करावे. पांढऱ्यातून आलेल्या कॉलन्या बहुतांशी पांढऱ्या असूनही त्यांत लाल पाकळ्या उमटल्या, आणि लालमधून आलेल्यांत पांढऱ्या उमटल्या, तर डीएनएचा क्रम न बदलता केवळ क्रोमॅटिनची अवस्था बदलत होती असे म्हणायला आधार मिळतो. एखादी पांढरी पाकळी सगळ्याच कॉलन्या निखळ पांढऱ्या देत असेल, तर ती मोजणीतून वगळावी.

रंगावरून जनुक चालू की बंद एवढेच कळते. तिथल्या हिस्टोनांवर ‘सर’ प्रथिने खरोखर बसली आहेत का, हे पाहायचे असेल तर त्याच वाणावर क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटलेला डीएनए प्रतिपिंडाने वेगळा काढण्याची पद्धत, करावे लागते.